फेसाची साक्ष

बव्हेरियात १५१६ साली बिअरसंबंधी जो प्रसिद्ध नियम झाला, त्यात सातू, हॉप आणि पाणी या तीनच वस्तूंना मुभा होती. गव्हाचे नाव त्यात नव्हते, तसे यीस्टचेही नव्हते. गव्हाच्या बिअरचा खास अधिकार पुढे देगेनबेर्ग या सरदार घराण्याकडे राहिला. १६०२ साली त्या घराण्याचा वंश खुंटला, तेव्हा ड्यूक माक्सिमिलियान याने तो आपल्या हाती घेतला. यीस्टची कथा मात्र निराळी होती. पिंपावर जमणारा दाट फेस काढून पुढच्या खेपेस घालण्याची रीत कारागिरांना ठाऊक होती; तो फेस जिवंत आहे, हे कोणासच ठाऊक नव्हते.

गव्हाच्या बिअरचे यीस्ट पृष्ठभागावर चढते. गोड अर्कावर प्रथम विरळ बुडबुडे येतात, मग फेसाची उंच टोपी उभी राहते आणि काही दिवसांनी ती खचते. या चढउतारावरूनच शतकानुशतके कारागीर आंबण्याची अवस्था ओळखीत. तथापि फेसाची ही साक्ष सर्वस्वी विश्वासार्ह नव्हे. गारठ्याने यीस्ट मंदावले की साखर शिल्लक असतानाच फेस बसतो. अशी बिअर बाटलीत कोंडली, तर आत पुन्हा वायू होऊ लागतो आणि बाटली फुटण्याचे भय निर्माण होते.

यावर उपाय निघाला तो तोलून पाहण्याचा. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्डसन याने १७८४ साली साखरमापकाचा पुरस्कार केला. साखर विरघळलेला अर्क पाण्याहून जड असतो. साखरेचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर होत जाते, तसतसा द्रव हलका होतो आणि त्यात तरंगणारे मापक अधिक खोल बुडते. लागोपाठ काही दिवस आकडा स्थिर राहिला, म्हणजे आंबण्याचे काम थांबले असे समजावे.

परंतु हे काम करतो कोण? १८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान आणि क्युट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे यीस्ट सजीव असल्याचे प्रतिपादन केले. १८३९ साली व्होलर आणि लीबिग या नामांकित रसायनशास्त्रज्ञांनी या मताची निनावी टवाळी केली. अखेर पाश्चरच्या प्रयोगांनी सजीवांचाच पक्ष बळावला. त्याचा बिअरविषयक ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला आणि १८८३ साली कोपनहेगन येथे कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेन याने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले.

आज घरी गव्हाची बिअर करणारा हौशी माणूसही पिंपाच्या झडपेतील बुडबुडे मोजीत बसतो. झाकण सैल असेल तर वायू दुसरीकडून निसटतो व बुडबुडे दिसत नाहीत. खोली तापली तर द्रवात विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि काम संपल्यावरही बुडबुडे येत राहतात. म्हणून जाणता माणूस फेस पाहतो, वास घेतो, परंतु बाटल्या भरण्यापूर्वी मापक एकदा बुडवून पाहतो आणि दोन दिवसांनी पुन्हा.