काकांची वही आणि रेनबोचा ‘एक’

इथे आपण वाड्यांच्या, गणपतीच्या, शाळांच्या आठवणी नेहमी वाचतो. आज एका संगणकाची आठवण लिहितोय. तांत्रिक आहे थोडी, पण शेवटी घरातलीच आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर गेल्या दिवाळीआधी रिकामं केलं. माळ्यावर काकांची ट्रंक होती. आत पाच-सहा मोठ्या फ्लॉप्या, आजीला आलेल्या छापील पत्रांचा गठ्ठा आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही. पस्तीवाला दारात उभाच होता. द्यायच्या आधी सहज वही उघडली, तर पहिल्याच पानावर काकांचं ठसठशीत अक्षर: ‘रेनबो १. आयबीएम ०. विसरू नये.’

काका १९८५ ते १९८८ अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये शिकायला होते. त्यांच्या विभागात ‘रेनबो १००’ नावाचा एक संगणक धूळ खात पडला होता. तो त्यांना खोलीवर न्यायला मिळाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने हे यंत्र १९८२ मध्ये बाजारात आणलं. कंपनीचं मुख्यालय त्याच राज्यात, मेनार्ड गावातल्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत होतं. रेनबोमध्ये झेड-८० आणि ८०८८ असे दोन प्रोसेसर होते, त्यामुळे त्याच्यावर सीपी/एम चालायची आणि एमएस-डॉसही.

मग अडचण काय? आयबीएमचा पीसी १९८१ साली आला होता आणि बहुतेक प्रोग्राम त्याच्यासाठीच लिहिले जात होते. एमएस-डॉस दोन्हीकडे असली तरी आतली रचना वेगळी. वेग हवा म्हणून पुष्कळ प्रोग्राम डॉसला न विचारता थेट पडद्याच्या मेमरीत अक्षरं टाकायचे. आयबीएमची ती जागा एक, रेनबोची दुसरी. म्हणजे एका घराच्या पत्त्यावरचं पत्र दुसऱ्या गल्लीत टाकल्यासारखं.

काकांना लिहायला एक एडिटर हवा होता. एमॅक्स हा एडिटर १९७६ साली एमआयटीत जन्मला, पण तो मोठ्या यंत्रांचा. छोट्या यंत्रांसाठी डेव्ह कॉनरॉय यांनी १९८५ च्या सुमारास ‘मायक्रोएमॅक्स’ लिहिला आणि पुढे डॅनियल लॉरेन्स यांनी तो वाढवला. तो सोर्स कोडसकट मिळायचा, म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींपासून बनतो त्या मूळ ओळीच हातात. त्यात एक छोटी फाईल होती. तिच्यात एकाखाली एक यंत्रांची नि पडद्यांची नावं: आयबीएम पीसी, एचपी १५०, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा पीसी, व्हीटी ५२, रेनबो. प्रत्येकापुढे शून्य किंवा एक. आपलं यंत्र असेल तिथे एक करायचा, बाकीच्यांना शून्य, आणि मग सगळा प्रोग्राम कंपाइल करायचा. शोधणं, कापणं, चिकटवणं हा मधला मोठा भाग सगळ्यांना सारखाच. फरक फक्त कडेला, जिथे यंत्राशी गाठ पडते तिथे.

काकांना मिळालेल्या प्रतीत आयबीएमपुढे एक होता, आणि पहिल्या वेळी तो तसाच राहिला. वहीत लिहिलंय: ‘प्रोग्राम चालला. दिसलं काहीच नाही. अक्षरं कुठे गेली देव जाणे.’ एक अख्खी संध्याकाळ वाया गेली, आणि म्हणून पहिल्या पानावर ते ‘विसरू नये’. पुढे कळफलकाचं निघालं. मायक्रोएमॅक्सला एस्केप कळ सारखी लागते आणि रेनबोच्या कळफलकावर त्या नावाची वेगळी कळच नाही, ते काम एफ-११ करते. त्या कळफलकाचीही फाईलमध्ये एक ओळ होती. तिथेही एक केला. त्याच्यापुढे काकांनी तारीख घालून ‘जमलं!’ असं लिहिलंय.

त्यानंतर घरी पत्रं येऊ लागली ती छापील, रोमन लिपीतल्या मराठीत. आजी कुरकुरायची, ‘हाताने लिहायला काय झालं ह्याला?’ तिला ती लिपी येत नव्हती, म्हणून वाचून दाखवायचं काम माझं. मी तेव्हा दहा वर्षांचा. एकदा ‘तुझ्या पत्राची वाट बघतोय’ हे मी ‘वात बघतोय’ असं वाचलं आणि आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाबांनी ते काकांना कळवलं. तेव्हापासून काका ‘ट’साठी मोठ्या लिपीतलं अक्षर घालू लागले आणि ‘त’साठी छोट्या. पण मायक्रोएमॅक्स शोधताना मोठं-छोटं अक्षर एकच धरतो. त्याला फरक पाळायला लावायचा तर ‘एक्झॅक्ट’ नावाचा मोड चालू करावा लागतो. वहीत त्याचीही नोंद आहे: ‘आईसाठी एक्झॅक्ट चालू ठेवणे.’ ही ओळ वाचली आणि पस्तीवाल्याला म्हटलं, ‘भाई, आज काही नाही.’

रेनबो फार टिकला नाही. आयबीएमशी तंतोतंत जुळणारी यंत्रं स्वस्त झाली आणि न जुळणारी एकेक करून मागे पडली. ज्या कॉम्पॅक कंपनीने अशा जुळणाऱ्या यंत्रांवर नाव कमावलं, तिनेच १९९८ मध्ये डिजिटल विकत घेतली. मायक्रोएमॅक्स मात्र आजही आहे. लिनक्सचे लिनस टॉरवाल्ड्स त्याचीच एक आवृत्ती स्वतःसाठी सांभाळून आहेत.

मला त्या फाईलचं मोल आता कळतं. थोड्या लोकांकडे असलेल्या यंत्रासाठी कुणीतरी एक ओळ लिहिली. बाकीच्यांना तिचा त्रास नव्हता, त्यांच्याकडे तिथे शून्य. पण ती होती म्हणून काकांना ‘दुसरं यंत्र घे’ असं कुणी सांगितलं नाही. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, त्याची मला आठवण झाली. अर्थ एकच, पण प्रत्येक भाषेला तिची जागा. बडोद्यात राहून घरात मराठी बोलणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

फ्लॉप्या वाचता येतील असं यंत्र मला अजून मिळालेलं नाही. पत्रं मात्र कागदावर आहेत. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. रविवारी मुलीला एक पत्र वाचायला दिलं. ‘वाट’ तिने बरोबर वाचलं.

तुमच्याकडे माळ्यावर अशा वह्या असतील, तर पस्तीत द्यायच्या आधी एकदा उघडून बघा.