माहूरचे दस्त आणि भावकीचे दावे

खरेदीखतातल्या चुकीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले की गाव हव्यासाला दोष देते. माहूरपुरते तरी हे निदान अपुरे आहे. तिथल्या एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत दप्तराची भाषा, सन आणि जिल्हा असे तिन्ही बदलले. निजामाच्या राज्यात महसुली कागद उर्दूत असत आणि साल फसली असे. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. उर्दू लिपीत ळ आणि ण यांना वेगळे अक्षर नाही, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, आणि घाईत लिहिताना नुक्ते गळतात. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आले. 1 नोव्हेंबर 1956 ला किनवट तालुका, आणि त्यातले माहूर, आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात आले आणि नांदेडचे झाले. त्यानंतर जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले. इतक्या उताऱ्यांत आजोबांचे नाव किंवा क्षेत्राचा आकडा हुकला, तर तो नातवाचा डाव कसा ठरावा?

म्हणून भांडणात आधी चतुःसीमा वाचाव्यात. नंबर दप्तराचा असतो. नाला, गाडवाट, शेजाऱ्याचा बांध हे घेणाऱ्या-देणाऱ्याने स्वतः पाहिलेले असते. शेजारी मरतात, बांध सरकतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्या काळचा शेजारी कोण होता हे 1954-55 च्या खासरा पाहणीत आणि सेतवारात सापडू शकते. सातबारावर नाव आहे, मग वाद कशाचा, असेही विचारले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार नोंद खरी मानतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. आणि फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. लेखनातली चूक तहसीलदार कलम 155 खाली सुधारू शकतो. मूळ दस्तच चुकला असेल तर दोन्ही बाजूंनी चूकदुरुस्ती पत्र नोंदवणे हा सरळ मार्ग. एक भाऊ सही देत नसेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चे कलम 26 आहे. पण तिथे चूक दोघांची होती किंवा फसवणूक झाली, हे सिद्ध करावे लागते. चुकीच्या नावाखाली कोणीही शेत लाटेल ही भीती या अटीमुळे बरीच कमी होते. मला खरी काळजी उशिराची वाटते. भाऊ एकमेकांशी अबोला धरून बसतात आणि तेवढ्यात ती जमीन तिसरा माणूस सद्भावनेने, पूर्ण मोबदला देऊन विकत घेतो. त्याच्या हक्काला बाध आणून दस्त दुरुस्त करता येत नाही.