पिंपरीची सुई, हिंजवडीची गोळी

पिंपरीच्या एचए कंपनीत १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आदल्या वर्षी स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधं बनवणारी देशातली पहिली सरकारी कंपनी. तिच्या उभारणीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा हात लागला होता. तेव्हा इथे टेल्को नव्हती, आकुर्डीची बजाज नव्हती. मोटारी, स्कूटर आणि सॉफ्टवेअरसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्याची औद्योगिक सुरुवात एका प्रतिजैविकाने झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. न्यूमोनिया, चिघळलेल्या जखमा, बाळंतपणातला ताप यांवर ते औषध चालायचं. आणि ज्याचं नाव घरात कुणी काढत नसे, त्या गरमीवरही, म्हणजे सिफिलिसवर.

त्याआधी गरमीवर काय होतं? सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात फिरंगरोगाचं वर्णन आहे आणि उपायांत पारा आणि चोपचिनी. युरोपातही तेव्हा पाराच चाले. त्याने जखम सुकली तरी दात हलत, तोंडातून लाळ गळत राही. १९१० मध्ये जर्मनीत पॉल एर्लिक आणि साहाचिरो हाता यांचं साल्व्हरसान आलं. ते संखियापासून बनवलेलं, परिणामकारक, पण जपून द्यावं लागणारं.

इंग्रज सरकारला या रोगाची काळजी होती ती गोऱ्या शिपायांपायी. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा यांनी वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. आजार सापडलेल्या बाईला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबून ठेवत. शिपायाला तशी सक्ती नव्हती. सांसर्गिक रोग कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, पण बाईला पकडायचं आणि पुरुषाला काही विचारायचं नाही, ही रीत त्यानंतरही कितीतरी वर्षं शिल्लक राहिली. या सगळ्या औषधांचा माग काढताना मला ती जागोजागी भेटते.

१९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी सिफिलिसच्या चार रोग्यांना पेनिसिलिन दिलं आणि चौघांच्या जखमा भरल्या. बारा वर्षांत ते औषध पिंपरीत बनू लागलं. पुढे बेंझाथिन पेनिसिलिन आलं. ते शरीरात हळूहळू विरघळतं. लागण नवी असेल तर २४ लाख युनिटांचा एकच डोस पुरतो. लागण जुनी असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. सुई कुल्ल्यात घ्यावी लागते आणि चांगलीच दुखते. पण ऐंशीहून अधिक वर्षांत सिफिलिसचा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. परम्याच्या, म्हणजे गनोरियाच्या जंतूची गोष्ट उलटी. पेनिसिलिनचा नाश करणारे त्याचे प्रकार १९७६ मध्येच सापडले. तेव्हापासून तो एकेक औषध निकामी करत पुढे चाललाय.

एचएचं पुढे काय झालं ते पिंपरीकरांना ठाऊक आहे. १९९७ मध्ये कंपनी आजारी ठरली. चिनी माल स्वस्त मिळू लागला आणि पेनिसिलिनचा मूळ कच्चा माल देशात बनणंच थांबलं. तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर बनायला २०२४ उजाडलं, आणि तेही आंध्रात, काकीनाड्याजवळ.

सुई मात्र आहे. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांची औषधं रंगीत पाकिटांत मिळतात. लघवीच्या जागेतून किंवा गुदद्वारातून पू जात असेल तर करड्या रंगाचं पाकीट. जखम असेल तर पांढरं. पांढऱ्यात बेंझाथिन पेनिसिलिनची कुपी, सोबत अझिथ्रोमायसिन, सिरिंज आणि निर्जंतुक पाणी. सगळं फुकट.

अडचण अशी की सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. ती गुदद्वाराच्या आत किंवा घशात असेल तर दिसतही नाही. बरं वाटतं, माणूस विसरतो, आजार आत राहतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठतं. तेही जातं. म्हणून पाकिटापर्यंत पोहोचायला लक्षणाची वाट पाहून भागत नाही, रक्ताची तपासणी करावी लागते.

सिफिलिसच्या जोडीला पुढे एचआयव्ही आला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. ती भोसरी एमआयडीसीत आहे, एचएपासून फार लांब नाही. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत तिच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा अभ्यास मी विसरू शकत नाही. दवाखान्यात आलेल्या, शरीरविक्री न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेकींना नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष माहीत नव्हता. इथे प्रथमच बोट नवऱ्याकडे वळलं. पण त्याचे पुरुषांशीही संबंध असले तर त्याबद्दल तो बोलणार कसा? अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत होतं आणि खरं सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं.

त्या कलमाने प्रतिबंधाचं कामच अडवलं. जुलै २००१ मध्ये लखनौत निरोध आणि माहितीपत्रकं वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली. त्याच वर्षी नाझ फाउंडेशन ही संस्था कलमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पुढे त्या खटल्यात सरकारचीच एड्स नियंत्रण संघटना म्हणाली की या कलमामुळे पुरुष दडून राहतात आणि आम्हाला त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. गृहखातं मात्र कलम राहावं म्हणत होतं. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिरे स्वतः सॉफ्टवेअरच्या नोकरीतून आलेले. मराठीतून या विषयावर सरळ, न लाजता लिहिणारा आणि निरोध हातात देणारा माणूस शहराला मिळाला. कलम समलिंगी संबंधांपुरतं गेलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला.

आता गोळी. टेनोफोव्हिर हे द्रव्य १९८० च्या दशकात प्रागच्या अँटोनिन होली यांच्या प्रयोगशाळेतून आलं. आधी ते एचआयव्ही झालेल्यांना देत. २०१० मध्ये सहा देशांतल्या २,४९९ जणांवरच्या अभ्यासात ते एम्ट्रिसिटाबिनसोबत, लागण नसलेल्या पुरुषांना आणि ट्रान्स स्त्रियांना दिलं गेलं. एचआयव्हीची लागण ४४ टक्क्यांनी घटली, आणि ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं त्यांच्यात कितीतरी अधिक. हीच प्रेपची गोळी. २००६ मध्ये गिलियडकडून टेनोफोव्हिर बनवण्याचा परवाना मिळालेल्या भारतीय कंपन्यांत एमक्युअर होती. तिचं मुख्यालय हिंजवडीच्या फेज टूमध्ये आहे. २०१७ च्या सरकारी पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण २.६९ टक्के होतं, देशातल्या एकूण प्रौढांत ०.२२. ही गोळी कुणाच्या हाती पडायला हवी, ते या आकड्यांवरून कळतं.

हिंजवडीत दिवसा काम करणारा आणि वाकड-मारुंजीत फ्लॅट वाटून राहणारा तरुण यवतमाळचा असेल, लातूरचा असेल. जोडीदार मोबाइलवर भेटतो. दिवाळीला घरी गेलं की स्थळं दाखवतात. त्याला मला मनापासून सांगायचंय की प्रेप फक्त एचआयव्ही अडवते. ती सुरू करण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडं तपासावी लागतात आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी. सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया यांची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. निरोध वापरला तर त्यांचा धोका बराच कमी होतो. हिपॅटायटिस बीची लस आहे. पुण्याच्या सीरमची एचपीव्हीवरची लस ९ ते २६ वयाच्या मुलग्यांनाही चालते.

गनोरिया आणि क्लॅमिडिया घशात आणि गुदद्वारात बऱ्याचदा काहीही लक्षण न दाखवता राहतात. लघवीच्या तपासणीत ते येत नाहीत, तिथलाच स्वॅब लागतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत तो सहसा नसतोच. डॉक्टर आपणहून विचारतील याचीही वाट पाहू नये. माझे पुरुषांशी संबंध आहेत, घशाचा आणि गुदद्वाराचाही स्वॅब घ्या, असं आपणच म्हणावं. लग्न झालेलं असेल तर बायकोची तपासणीही तितकीच तातडीची. तिच्या गरोदरपणात सिफिलिस बाळापर्यंत पोहोचतो आणि तेव्हा पेनिसिलिनला दुसरा भरवशाचा पर्याय नाही.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करायला आणि निकाल फोडायला मनाई केली आहे. नोकरीसाठी या तपासणीची अट घालता येत नाही. १०९७ ही हेल्पलाइन फुकट आहे. निरोध फाटला आणि समोरच्याची स्थिती माहीत नसेल, तर ७२ तासांच्या आत सुरू केलेला २८ दिवसांचा औषधाचा कोर्स एचआयव्ही रोखू शकतो. जितका लवकर तितका चांगला. शनिवारी रात्री घडलं असेल तर मंगळवार रात्र ही शेवटची मुदत. रविवारीच पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन विचारावं.