नकाशातला पडदा
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

‘नकाशा’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मुळात ‘नक्श’ म्हणजे कोरणं, उमटवणं. मी कवी माणूस, बी.ए. झालेला. इंजिनिअरिंगशी माझा संबंध इतकाच, की माझे मामू सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होते आणि भाचा आज संगणकावर इमारतींची ड्रॉइंग काढतो. या दोघांच्या टेबलांशेजारी बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ड्रॉइंग काढणाऱ्याला काय दाखवायचं हे ठरवावं लागतं, तितकंच काय दाखवायचं नाही हेही ठरवावं लागतं.

हे फार जुनं आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात सुमारे साडेएकोणतीस मीटर लांबीची एक गुंडाळी आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात इराणातल्या उस्तादांनी ती केली असावी, असं अभ्यासक मानतात. घुमट, भिंती, जाळ्या यांसाठीच्या ११४ भौमितिक आकृत्या तिच्यात आहेत. गुलरू नेजिपओलू या विदुषींनी १९९५ साली तिच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. शाईच्या रेघांखाली तिथं बिनशाईच्या रेघा आहेत, टोकदार हत्याराने कागदावर नुसत्या ओरखडलेल्या. आकृती ज्या वर्तुळांवर आणि कोनांवर उभी राहिली, ते हे सांगाडे. समोरून त्या दिसत नाहीत. उजेड तिरका पडला की दिसतात. उस्तादाने कृती पुसली नाही, जाणत्यासाठी ती कागदातच ठेवली.

पुढचा मुक्काम फ्रान्स. अठराव्या शतकात मेझिएरच्या लष्करी विद्यालयात गास्पार मोंज नावाचा तरुण होता. किल्ल्याची तटबंदी अशी आखायची, की शत्रूच्या नजरेपासून आणि माऱ्यापासून आतली माणसं झाकलेली राहतील, असा प्रश्न त्याच्यापुढे आला. लांबलचक आकडेमोडीऐवजी त्याने तो रेघांनी सोडवला. वस्तूचं वरून एक दृश्य, समोरून एक, आणि दोन्हींचा मेळ. गंमत पाहा, आडोसा शोधण्यासाठी निघालेली ही पद्धत लष्कराने स्वतःच वर्षानुवर्षं गुपित ठेवली. क्रांतीनंतर, १७९५ साली, मोंजने ती पॅरिसमध्ये जाहीर व्याख्यानांतून शिकवली. आज आयटीआयमधला मुलगा प्लॅन आणि एलेव्हेशन काढतो, ते याच विद्येतून आलेलं आहे.

त्याच मुलाला पहिल्या काही दिवसांत शिकवतात, की दिसणारी कड अखंड रेघेने काढ आणि आड गेलेली कड तुटक रेघेने. मला ही तुटक रेघ फार आवडते. ती म्हणते, ‘मी इथं आहे, पण तुला दिसत नाही.’ इतकं प्रामाणिक झाकणं मी कवितेतही क्वचित पाहिलंय.

मामूंच्या काळात झाकायला कष्ट पडत. मूळ ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत, आणि त्यावरून अमोनिया प्रिंट. त्या वासाने त्यांचे डोळे कायम चुरचुरत. मूळ कागदावर जे असेल ते सगळं प्रतीत उतरणार, तिथं दडवादडवी नाही. एखादी रेघ नको झाली तर अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. खरवडलेली जागा उजेडात धरली की कळायची. म्हणजे काढून टाकलेल्याचीही खूण राहायची.

परदेशात १९७०च्या दशकात एक वेगळी पद्धत रूढ होत होती. पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्म्स, कडेला भोकं, टेबलावर खिळे. एका फिल्मवर भिंती, दुसरीवर नळ, तिसरीवर वीज. गवंड्याला द्यायची प्रत काढताना हव्या तेवढ्याच फिल्म्स एकावर एक बसवायच्या. संगणकातला ‘लेयर’ समजून घ्यायला हे चित्र पुरेसं आहे.

संगणकाला मात्र आधी झाकणंच शिकवावं लागलं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ केलं. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ ओढायची, यंत्र ती लक्षात ठेवायचं. त्याच वर्षी, त्याच संस्थेत लॉरेन्स रॉबर्ट्स वेगळ्याच अडचणीशी झुंजत होते. यंत्राला ठोकळा काढायला सांगितला तर ते मागच्या कडाही काढतं, जणू ठोकळा काचेचा आहे. पुढच्या बाजूमागे काय दडतं, हे गणिताने ठरवून तेवढ्या रेघा गाळायची रीत त्यांनी आपल्या प्रबंधात मांडली. माणसाचं पोर जे न शिकवता जाणतं, ते यंत्राला शिकवायला एक प्रबंध लागला.

१९८२ साली ‘ऑटोकॅड’ आलं आणि ड्रॉइंग घरगुती संगणकांवर उतरलं. भाच्याने मला त्यातली लेयरची यादी दाखवली. प्रत्येक नावापुढे एक दिवा, एक सूर्य आणि एक कुलूप. दिवा मालवला की लेयर ‘ऑफ’. सूर्यावर टिचकी मारली की त्याचं हिमकण होतं, लेयर ‘फ्रीझ’. पडद्यावरून दोन्ही सारखेच गायब. मग दोन सोयी कशाला? गोठवलेल्या रेघांचा हिशेब संगणक मांडत नाही, जुन्या मंद यंत्रांवर त्याने वेळ वाचायचा. पण खरी मेख पुढे आहे. ‘सगळं पुसून टाक’ असा हुकूम दिला, तर गोठवलेलं वाचतं आणि नुसतं मालवलेलं, डोळ्यांना न दिसणारं, तेही पुसलं जातं. जे दिसत नव्हतं, ते गेल्याचं कळणार कुणाला?

आता हे आपल्या दारात कसं येतं ते सांगतो. नगरपालिकांकडे द्यायच्या नकाशात रंगांचे जुने नियम आहेत. नवं बांधकाम लाल. पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी. म्हणजे जे पाडायचं तेसुद्धा दाखवायचं. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातून जाणाऱ्या एका रस्त्याचा नकाशा एका कार्यालयाच्या फळ्यावर लागला. रस्ता, गटार, दिव्यांचे खांब, सगळं सुबक. शेजारच्या आपा चष्मा सावरत बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “बेटा, यात माझं घर कुठाय?” तिथला तरुण इंजिनिअर भला होता. म्हणाला, “आपा, घरांचा लेयर ऑफ आहे, म्हणून दिसत नाही.” त्याने तो चालू केला, नवी प्रत काढली. रस्त्याच्या दोन्ही रेघांखाली फिक्या करड्या रंगात घरं उमटली. आपांच्या न्हाणीघरातून रस्त्याची कड जात होती. मग अर्ज झाले, बैठका झाल्या, आणि त्या वळणावर रस्ता थोडा सरकला.

त्या पोराच्या मनात काही नव्हतं. कागद स्वच्छ दिसावा म्हणून त्याने दिवा मालवला. पण तुटक रेघ निदान सांगते की इथं काहीतरी आड आहे. मालवलेला लेयर काहीच सांगत नाही, मोकळ्या जमिनीसारखा दिसतो. माझं साधं मागणं आहे. लोकांपुढे लावायच्या नकाशाच्या कोपऱ्यात तारीख, प्रमाण आणि सह्या असतात. तिथंच कोणते लेयर बंद आहेत तेही छापावं. दोन ओळींची शाई लागेल.

ऑटोकॅडमध्ये एक उलटा लेयरही आहे. नाव ‘डेफपॉइंट्स’. ड्रॉइंगमध्ये पहिलं माप टाकलं की तो आपोआप तयार होतो. त्यावरचं सगळं पडद्यावर दिसतं, कागदावर मात्र कधीच उतरत नाही. भाचा त्यावर स्वतःसाठी टिपणं लिहितो. परवा एका इमारतीच्या प्लॅनमध्ये जिन्याशेजारी त्याने लिहिलेलं मी वाचलं : ‘इथं म्हातारी माणसं आहेत, पायरी कमी उंचीची ठेवायला सांगणे.’

मी म्हटलं, “अरे, हे छाप की!”