ध्यानाचे फायदे: मनाला आणि शरीराला नेमके काय मिळते?

ध्यान म्हणजे श्वास, मंत्र किंवा शरीरातील संवेदना यांपैकी एका गोष्टीवर लक्ष ठेवणे आणि ते भरकटले की पुन्हा तिथे आणणे. मन पूर्ण रिकामे झाले पाहिजे, हा गैरसमज आहे. विचार येणारच. लक्ष परत आणणे हाच खरा सराव.

शरीरावर होणारा परिणाम

ताण आला की हृदयाचे ठोके, श्वासाचा वेग आणि रक्तदाब वाढतो. शांत बसून ध्यान केल्यास शरीर याउलट विश्रांतीकडे जाते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी या अवस्थेला ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ म्हटले आणि १९७५ मध्ये त्याच नावाचे पुस्तक लिहिले.

मनावर होणारा परिणाम

१९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानावर आधारित उपक्रम सुरू केला. आज तो ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून ओळखला जातो. जुनाट दुखणी असलेले रुग्ण त्यात सहभागी होत. दुखणे तेच राहिले, तरी त्याभोवतीची भीती आणि चिडचिड कमी करता येते, हा त्यामागचा विचार.

२०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३,५१५ जणांचा समावेश होता. चिंता, नैराश्य आणि वेदना ध्यानाने काही प्रमाणात कमी होतात, असे त्यात दिसले. मात्र व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

सुरुवात कशी करावी?

- ठरावीक वेळी १० मिनिटे पाठ ताठ ठेवून बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते.
- श्वास मुद्दाम लांबवू नका. तो आत येताना आणि बाहेर जाताना फक्त लक्ष द्या.
- मन भटकले तर स्वतःवर न रागावता परत श्वासाकडे या.

काय काळजी घ्यावी?

बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. ध्यान हे उपचारांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. काहींना ध्यानात जुने दुःखद प्रसंग आठवून अस्वस्थता येते. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात होते तसे १० दिवसांचे मौन शिबिर करण्यापूर्वी मानसिक आजार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरच्या घरी रोज थोडा वेळ केलेला सराव ही बहुतेकांसाठी सोपी सुरुवात ठरते.