जांभ्याचे मोल : शाहूवाडी ते सुकिंदा

आंबा घाटाच्या माथ्यावरून विशाळगडाकडे वळले की तांबडा, भोकाभोकांचा दगड उघडा पडलेला दिसतो. आपण त्याला जांभा म्हणतो. घाटाखाली त्याचेच चिरे काढून घरे बांधली जातात. शास्त्राच्या वहीत त्याचे नाव चढले ते 1807 साली. वेलस्लीच्या हुकमावरून म्हैसूर, कानडा, मलबार हिंडून आलेला फ्रान्सिस बुकानन हा डॉक्टर. केरळात अंगाडीपुरमला त्याने हा दगड पाहिला : खाणीत लोखंडी हत्याराने कापण्याइतका मऊ, वारा लागला की विटेसारखा टणक. लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लेटर’, म्हणून लॅटेराइट. कोकणातल्या गवंड्याला यात नवे काही नव्हते.

रॉबर्ट ब्रूस फूट यांचा दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा ग्रंथ 1876 चा. त्या काळी अॅल्युमिनियम ही चांदीच्या पंगतीतली चीज होती. 1886 मध्ये हॉल आणि एरू यांनी विजेने ती धातू सुटी करण्याची रीत शोधली, दोनच वर्षांनी बायरने बॉक्साइटातून अॅल्युमिना काढण्याची. मग जगभर या तांबड्या दगडाकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. सी. एस. फॉक्स यांनी भारतातल्या बॉक्साइटाचा मोठा आढावा 1923 मध्ये छापला. पुढे बेळगावला अॅल्युमिनाचा कारखाना झाला आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवरून ट्रक तिकडे जाऊ लागले. शाहूवाडीत उदगिरी, येळवण जुगाई ही नावे खाणीच्या कागदांत आली ती याच ओघात.

आता काळ निकेलचा आहे. बॅटरीला निकेल लागते आणि इंडोनेशिया, न्यू कॅलेडोनिया इथले निकेल लॅटेराइटातूनच निघते, हे वाचून एखाद्याने विचारावे की, मग आमच्या सड्यावर का नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर जांभ्यात नाही, जांभ्याच्या आईबापात आहे.

जांभा म्हणजे पावसाने धुऊन उरलेला गाळसाळ. उष्ण, पावसाळी हवेत लाखो वर्षे पाणी खडकात मुरते; सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, मग सिलिकाही वाहून जाते. लोह आणि अॅल्युमिनियम सहसा विरघळत नाहीत, ते मागे राहतात. शाहूवाडीचा मूळ खडक दख्खनचा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात अॅल्युमिना 13-14 टक्के, म्हणून धुणे पुरेसे झाले तिथे बॉक्साइट मिळाले. निकेल मात्र टनामागे साधारण 100 ग्रॅम. धुण्याने ते तिप्पट झाले असे धरले तरी 300 ग्रॅम. खाणीला निदान 10 किलो तरी हवे.

तेवढे मिळते ते अतिमूल खडकांत, म्हणजे ड्युनाइट, पेरिडोटाइट अशा ऑलिव्हिनप्रधान हिरव्या-काळ्या दगडांत. त्यांत टनाला दोन-अडीच किलो निकेल आधीच असते. मॅग्नेशियम धुपून गेले की वरच्या पिवळ्या-तांबड्या थरात गोथाइटला निकेल चिकटून बसते. उरलेले पाण्याबरोबर खाली उतरते आणि कुजक्या खडकात हिरवट खनिजाच्या रूपाने साचते. त्याला न्यू कॅलेडोनियात ते शोधणाऱ्या ज्यूल गार्निएचे नाव मिळाले आहे, गार्निएराइट. आपल्या देशात हे चित्र ओडिशाच्या सुकिंदा खोऱ्यात दिसते. तिथे क्रोमाइट काढताना वरचा निकेलयुक्त जांभा बाजूला टाकला जातो.

आणि सह्याद्रीच्या पलीकडे? कणकवलीजवळ जानवली, वागदे इथे क्रोमाइटाची नोंद आहे. म्हणजे अतिमूल खडक कोकणात आहेत, पण लहान भिंगांसारखे. शाहूवाडीखाली मात्र बेसाल्टाचेच थर आहेत. कुणी इथे निकेलच्या नावाने जमीन मागितली, तर मूळ खडक कोणता, एवढेच आधी विचारावे.

बॉक्साइटाची गोष्ट वेगळी, ते खरेच आहे. पण सड्याचा वरचा थर सच्छिद्र आणि त्याखाली पाणी अडवणारी मऊ माती आहे. पावसाचे पाणी या दोहोंच्या सांध्यावर येऊन कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाड्यांची उन्हाळ्यातली पाण्याची सोय त्यावर असते. खाण काढते ती वरचा थरच, काही मीटर जाडीचा, आणि तो पुन्हा तयार व्हायला लागणारा काळ वर सांगितलाच आहे.