एक्सेलच्या फॉर्ममधील रंग : निवड, नेमणूक आणि मर्यादा

शाळेतील प्रवेशनोंद, पतसंस्थेतील हप्त्यांचा हिशेब किंवा दुकानातील मालसाठा ठेवण्यासाठी आजही अनेक ठिकाणी स्वतंत्र संगणकप्रणालीऐवजी एक्सेलचाच आधार घेतला जातो. अशा वेळी शीटवर थेट आकडे लिहू न देता नोंद करणाऱ्यापुढे एक फॉर्म ठेवला, तर चुका कमी होतात. या फॉर्मवरील बटण, मजकुराची चौकट, निवडीची यादी, बरोबरची खूण करण्याची चौकट या प्रत्येकाला ‘कंट्रोल’ म्हणतात. कंट्रोलचा रंग बदलणे हे वरवर पाहता सजावटीचे काम वाटते. प्रत्यक्षात कोणती चौकट भरायची राहिली, कोणता आकडा नियमात बसत नाही आणि कोणते बटण दाबल्यास नोंद कायमची पुसली जाईल, हे मजकूर वाचण्याआधी रंगच सांगतो. त्यामुळे रंगाची नेमणूक चुकली, तर तिचा परिणाम थेट नोंदीवर होतो.

कंट्रोलचे तीन प्रकार

एक्सेलमध्ये कंट्रोल तीन ठिकाणी भेटतात आणि प्रत्येक ठिकाणी रंगाची मुभा वेगळी असते. पहिला प्रकार शीटवर ठेवल्या जाणाऱ्या साध्या ‘फॉर्म कंट्रोल’चा. यातील खूणचौकट आणि पर्यायबटण यांची पार्श्वभूमी ‘फॉरमॅट कंट्रोल’ या खिडकीतून रंगवता येते. बटणाच्या बाबतीत मात्र केवळ अक्षरांचा रंग बदलतो, पार्श्वभूमी राखाडीच राहते. यादी आणि सरकपट्टी यांना रंगाची सोयच नाही. रंगीत बटण हवे असल्यास गोल कोपऱ्यांचा एखादा आकार शीटवर काढून त्याला मॅक्रो जोडणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

दुसरा प्रकार ‘अॅक्टिव्हएक्स’ कंट्रोलचा. हेही शीटवरच बसतात, परंतु त्यांना स्वतःचे गुणधर्म असतात. ‘डेव्हलपर’ टॅबमधील ‘डिझाइन मोड’ सुरू करून गुणधर्मांची खिडकी उघडली, की रंग निवडता येतात. तिसरा प्रकार ‘युजरफॉर्म’चा, म्हणजे शीटच्या वर वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या फॉर्मचा. एक्सेल ९७ पासून उपलब्ध असलेला हा प्रकार रंगांच्या दृष्टीने सर्वांत मोकळा आहे. ऑल्ट आणि एफ-११ या कळा एकत्र दाबून व्हीबीएचा संपादक उघडावा, फॉर्मवरील कंट्रोल निवडावा आणि एफ-४ दाबावे, म्हणजे त्याचे सर्व गुणधर्म समोर येतात.

त्यांतील तीन गुणधर्म रंगाशी थेट संबंधित आहेत. ‘बॅककलर’ म्हणजे पार्श्वभूमी, ‘फोरकलर’ म्हणजे अक्षरे आणि ‘बॉर्डरकलर’ म्हणजे कडा. शेवटचा गुणधर्म दिसण्यासाठी ‘बॉर्डरस्टाइल’मध्ये एकेरी रेषा निवडलेली असावी लागते. त्याचप्रमाणे ‘बॅकस्टाइल’ पारदर्शक ठेवला असेल, तर पार्श्वभूमीला दिलेला रंग दिसत नाही. ‘रंग दिला, पण उमटला नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा या दोन गुणधर्मांत सापडते.

रंगाचा आकडा

व्हीबीएमध्ये प्रत्येक रंग हा एक पूर्णांक असतो. लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांचे मूल्य ० ते २५५ या दरम्यान असते. लाल घटक जसाच्या तसा, हिरवा २५६ ने गुणून आणि निळा ६५,५३६ ने गुणून तिघांची बेरीज केली, की रंगाचा आकडा मिळतो. शुद्ध लाल २५५, शुद्ध हिरवा ६५,२८०, शुद्ध निळा १,६७,११,६८० आणि पांढरा १,६७,७७,२१५ होतो. ही बेरीज हाताने करण्याची गरज नाही. ‘आरजीबी’ या फंक्शनला तिन्ही मूल्ये क्रमाने दिली, की ते हाच आकडा परत करते. २५५ पेक्षा मोठे मूल्य दिल्यास ते २५५ धरले जाते.

येथे एक खाचखळगा आहे. संकेतस्थळांवर रंगाचा सहा अंकी सोळामान संकेत लाल, हिरवा, निळा या क्रमाने लिहितात. व्हीबीएच्या सोळामान आकड्यात हा क्रम उलटा, म्हणजे निळा, हिरवा, लाल असा असतो. ‘एफएफ९९३३’ हा संकेत संकेतस्थळावर केशरी रंग दाखवतो. तोच जसाच्या तसा व्हीबीएमध्ये लिहिला, तर चौकट आकाशी निळी होते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, कारण तो आकडाही वैध रंगच असतो. म्हणून सोळामान संकेत उतरवून घेण्याऐवजी त्याचे तीन घटक वेगळे करून ‘आरजीबी’ला देणे सुरक्षित ठरते. या उदाहरणात ते २५५, १५३ आणि ५१ असे होतील.

मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्येही फॉर्मवरील कंट्रोलना पार्श्वभूमीचा व अक्षरांचा रंग देता येतो. मात्र तेथील बेसिक भाषेत मूळ क्रम व्हीबीएच्या उलट आहे. २५५ हा आकडा एक्सेलमध्ये लाल, तर लिब्रेऑफिसमध्ये निळा ठरतो. एका प्रणालीतील आज्ञावली दुसरीत नेताना आकडे तसेच ठेवले, तर ‘चूक’ दाखवणारा लाल रंग निळा होऊन बसतो.

प्रणालीचे रंग आणि जोडीचा नियम

नव्या युजरफॉर्मच्या ‘बॅककलर’मध्ये ‘&एच८००००००एफ&’ असे काहीसे गूढ मूल्य दिसते. हा ठरावीक रंग नसून ‘विंडोजमध्ये बटणाच्या पृष्ठभागाचा जो रंग असेल तो’ अशी सूचना असते. दशमान पद्धतीत तिचा आकडा ऋण, म्हणजे उणे २,१४,७४,८३,६३३ येतो. मजकुराच्या चौकटीची पार्श्वभूमी आणि अक्षरे यांनाही सुरुवातीला असेच प्रणालीचे रंग दिलेले असतात. दृष्टी अधू असलेली व्यक्ती विंडोजमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवणारी रंगसंगती निवडते, तेव्हा हे रंग आपोआप तिच्या सोयीप्रमाणे बदलतात.

यातूनच रंगकामाचा पहिला नियम निघतो : पार्श्वभूमी आणि अक्षरे यांचे रंग बदलायचे तर दोन्ही एकत्र बदलावेत, अन्यथा दोन्ही तसेच ठेवावेत. केवळ पार्श्वभूमी पक्की पांढरी केली आणि अक्षरांचा रंग प्रणालीवर सोडला, तर वर सांगितलेल्या रंगसंगतीत पांढऱ्यावर पांढरी अक्षरे उमटतात. फॉर्म तयार करणाऱ्याच्या संगणकावर हा दोष कधीच दिसत नाही. ज्याला वाचायला सर्वाधिक अडचण आहे, त्याच्याच पडद्यावर चौकट कोरी भासते.

दुसरा नियम दोन्ही रंगांतील फरकाचा. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ पुरते. हा निकष संकेतस्थळांसाठी असला, तरी फॉर्मलाही तितकाच उपयुक्त आहे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्या अक्षरांचे गुणोत्तर जेमतेम १.०७ येते. पांढऱ्यावरील शुद्ध लाल अक्षरे उठावदार वाटतात, पण त्यांचेही गुणोत्तर ४ च्या आसपासच राहते. एक्सेलची ‘बॅड’ ही सेलशैली या कसोटीला उतरते. तिच्यात पार्श्वभूमी फिकट गुलाबी, म्हणजे २५५, १९९, २०६ आणि अक्षरे गडद लाल, म्हणजे १५६, ०, ६ असतात. त्यांचे गुणोत्तर सुमारे ५.९ आहे. चूक दाखवणाऱ्या चौकटीसाठी हीच जोडी उचलावी.

नोंद तपासताना

रंगाचा खरा उपयोग फॉर्म भरला जात असताना होतो. युजरफॉर्मवरील मजकुराच्या चौकटीत प्रवेश करताना ‘एंटर’ आणि ती सोडताना ‘एक्झिट’ अशा दोन घटना घडतात. शीटवरील अॅक्टिव्हएक्स चौकटीसाठी त्यांची नावे ‘गॉटफोकस’ आणि ‘लॉस्टफोकस’ अशी आहेत. चौकट सोडताना तिच्यातील मूल्य तपासावे, ते चुकीचे असल्यास दोन्ही रंग बदलावेत आणि दुरुस्ती होताच ते पूर्ववत करावेत. पूर्ववत करण्याची ओळ लिहायची राहिली, तर बरोबर आकडाही चुकीचा दिसत राहतो. काही दिवसांतच नोंद करणारा लाल रंगाकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तपासणीचा हेतूच संपतो.

भरणारा एखाद्या चौकटीत शिरलाच नाही, तर तिची ‘एक्झिट’ घटना घडतच नाही. म्हणून ‘नोंदवा’ बटण दाबल्यावर सर्व आवश्यक चौकटी पुन्हा एकदा तपासणे अपरिहार्य आहे. त्यासाठी प्रत्येक चौकटीची वेगळी आज्ञा लिहावी लागत नाही. आवश्यक चौकटींच्या ‘टॅग’ या गुणधर्मात १ हा अंक लिहून ठेवावा आणि फॉर्मच्या ‘कंट्रोल्स’ या संचातून एकेक कंट्रोल घेत तो अंक असलेल्या चौकटी तपासाव्यात.

ज्या चौकटीतील मजकूर केवळ वाचायचा आहे, ती ‘एनेबल्ड’ बंद करून निष्क्रिय करण्याची पद्धत रूढ आहे. परंतु तसे केल्यास अक्षरे पुसट राखाडी होतात आणि ‘फोरकलर’ला दिलेला रंग लागू पडत नाही. त्याऐवजी ‘लॉक्ड’ हा गुणधर्म सुरू करावा. मजकूर बदलता येत नाही, पण दिलेले रंग आणि वाचनीयता कायम राहते.

रंगाच्या सोबतीला शब्द

लाल आणि हिरवा यांतील फरक न जाणवणे हा रंगांधत्वाचा सर्वांत आढळणारा प्रकार आहे. त्यास कारणीभूत जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. अनेकांना स्वतःलाही याची कल्पना नसते. हिरवी चौकट म्हणजे ‘बरोबर’ आणि लाल म्हणजे ‘चूक’, एवढ्यावर विसंबलेला फॉर्म अशा व्यक्तीला दोन्ही अवस्था सारख्याच दाखवतो. परिणामी चुकीची रक्कम किंवा चुकीचे गुण निर्धास्तपणे नोंदवले जातात आणि दोष मात्र भरणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून प्रत्येक चौकटीशेजारी एक लेबल ठेवून ‘तारीख भरलेली नाही’, ‘रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी’ असा स्पष्ट मजकूर दाखवावा. रंगाने लक्ष वेधावे आणि शब्दांनी कारण सांगावे.

मराठी मजकुरासाठी येथे आणखी एक अडचण येते. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी लिहिल्यास सहसा अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. साध्या संदेशपेटीतही तीच गत होते. लेबल आणि मजकुराच्या चौकटी मात्र देवनागरी नीट दाखवू शकतात, फक्त तो मजकूर त्यांच्यापर्यंत शीटवरील सेलमधून पोहोचवावा लागतो. लेबलसाठी ‘मंगल’ किंवा ‘निर्मला यूआय’सारखा देवनागरी असलेला फॉन्ट निवडावा. फॉर्मच्या शीर्षकपट्टीतही प्रश्नचिन्हे येत असल्याने मराठी शीर्षक फॉर्मच्या आत, सर्वांत वर एका लेबलमध्ये द्यावे.

रंगांचे एक शीट

वरील सर्व गोष्टींची सोय एकाच ठिकाणी करता येते. वर्कबुकमध्ये ‘रंग’ नावाचे एक शीट करावे. त्यातील एकेका सेलला एकेक अर्थ नेमून द्यावा : साधी चौकट, चालू चौकट, चुकीची चौकट, केवळ वाचनाची चौकट, पुसून टाकणारे बटण. त्या अर्थाला साजेसा रंग सेलमध्ये भरावा, अक्षरांचाही रंग द्यावा आणि शेजारच्या सेलमध्ये मराठी संदेश लिहावा. फॉर्म उघडताना घडणाऱ्या ‘इनिशियलाइज’ या घटनेत सेलच्या ‘इंटीरियर’चा रंग कंट्रोलच्या ‘बॅककलर’ला, सेलच्या ‘फॉन्ट’चा रंग ‘फोरकलर’ला आणि संदेश लेबलच्या ‘कॅप्शन’ला द्यावा. सेल आणि कंट्रोल या दोहोंत रंगाचा आकडा एकाच क्रमाने लिहिलेला असल्याने कोणतेही रूपांतर करावे लागत नाही. रंग बदलायचा झाल्यास आज्ञावलीला हात न लावता कार्यालयातील कोणीही सेल रंगवून तो बदलू शकतो, आणि सेलमधील अक्षरे त्याला वाचता आली, तर ती फॉर्मवरही वाचता येणार हे आधीच कळते.

मर्यादा

काही गोष्टी गुणधर्मांच्या आवाक्याबाहेर आहेत. युजरफॉर्मची शीर्षकपट्टी विंडोज रंगवते, ‘बॅककलर’ तिला लागू होत नाही. नेहमीच्या यादीतील प्रत्येक ओळीला स्वतंत्र रंग देता येत नाही, संपूर्ण यादीला एकच जोडी मिळते. माउस बटणावर आल्यावर रंग बदलता येतो, पण माउस निघून गेल्याची स्वतंत्र घटना नसल्याने फॉर्मच्या स्वतःच्या ‘माउसमूव्ह’मध्ये रंग परत आणावा लागतो.

फॉर्म कोठे वापरला जाणार, याचाही विचार आधी करावा. ब्राउझरमधील आणि मोबाइलवरील एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही. मॅकवर शीटवरील अॅक्टिव्हएक्स कंट्रोल चालत नाहीत. विंडोजवरही ऑफिस २०२४ पासून आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२५ पासून हे कंट्रोल मूळ मांडणीतच बंद ठेवलेले असतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो तर २०२२ पासूनच अडवले जातात. त्यामुळे नवे काम हाती घेताना शीटवर साधे फॉर्म कंट्रोल किंवा मॅक्रो जोडलेले आकार वापरावेत आणि सविस्तर नोंदीसाठी युजरफॉर्म ठेवावा. फॉर्म इतरांच्या हाती देण्यापूर्वी विंडोजमध्ये गडद रंगसंगती निवडून तो एकदा उघडावा आणि नंतर कृष्णधवल छापून पाहावा. दोन्ही वेळा चुकीची चौकट ओळखू आली, तर रंगकाम पुरे झाले असे समजावे.